शेजारच्या गाळ्यातला जुम्मा

चाकणला लोक नोकरीला जातात, कांद्याची गाडी घेऊन बाजाराला जातात, नाहीतर वाहतुकीत अडकायला जातात. आम्ही मायलेक तिथं शुक्रवारची नमाज पढायला गेलो. परत आल्यापासून गावातले बरेचजण विचारून गेले की तिथं नक्की काय पाहिलंस. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा लिहून काढतो. त्यानं माझ्या मनावरचं ओझंही थोडं उतरेल. खरं तर ते बरंचसं उतरलेलंच आहे, पण ओझं उतरल्यावरही खांदा चाचपून बघणारा मी माणूस आहे.

आमचं गाव बार्शी तालुक्यातलं. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो आणि गावच्या मशिदीच्या ट्रस्टवर आहे. आमच्या मशिदीत बायका येत नाहीत. तसा नियम कुठं लिहिलेला नाही. त्या येत नाहीत म्हणून जागा नाही, आणि जागा नाही म्हणून त्या येत नाहीत. सत्तरी ओलांडलेली माझी अम्मा आयुष्यभर घरातच, एकटीनं नमाज पढत आली. शुक्रवारी गावातले पुरुष मशिदीत जमून जुम्मा पढतात, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेहमीची दुपारची नमाज पढायची. जमातीत, म्हणजे इमामामागं ओळीनं, शेजारणीच्या खांद्याला खांदा लावून ती कधीच उभी राहिली नव्हती.

गेल्या रमजानच्या सुमारास माझ्या भाचीनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. भाचीचं नाव निलोफर. चाकणच्या एका कारखान्यात ती क्वालिटी विभागात काम करते आणि आकुर्डीला राहते. व्हिडिओत पत्र्याच्या छताखाली पंधरावीस बायका ओळीत उभ्या होत्या. कुणी बुरख्यात, कुणी साडीवर ओढणी घेतलेल्या, एकीच्या गळ्यात तर कंपनीचं ओळखपत्र. अम्मानं तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की माझा फोन गरम झाला. मग ती म्हणाली, "मला एकदा न्हे. गुडघं हायत तवर."

गुडघ्यांचं ती खरंच बोलत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता फार दिवस जमिनीवर बसण्या-उठण्याची आशा धरू नका. ही नमाज तिला पायांवर उभं राहून पढायची होती, खुर्चीवर बसून नाही.

न्यायला काहीच हरकत नव्हती, पण मला हरकती सुचत राहिल्या. ट्रस्टवरच्या माणसाची आई परगावच्या मशिदीत जाऊन नमाज पढते हे कळलं तर लोक काय म्हणतील? आणि ते काही म्हणाले तर मी काय म्हणणार? शेवटी निघायच्या आदल्या दिवशी आमचे अध्यक्ष हाजीसाहेब दुकानापाशी दिसले तेव्हा त्यांनी काही विचारलेलं नसताना मी बोलून गेलो, "अम्माचे डोळे दाखवायला पिंपरीला चाललोय."

बार्शी ते आकुर्डी

एसटीत खिडकीची जागा मिळाली. आमच्या गल्लीतली एक बाई निरोप द्यायला स्टँडवर आली होती. खिडकीतून अम्माचा हात धरून ती म्हणाली, घाबरू नका, मोतीबिंदूचं आता काही वाटत नाही, माझ्या भावाचं पण झालं. अम्मा तिच्याकडं बघत राहिली. बस गावाबाहेर पडली तेव्हा तिनं मला विचारलं, माझ्या डोळ्यांला काय झालंय?

मी सांगून टाकलं.

"नमाजीला निघालास आन खोटं बोलून निघालास व्हय रे सलीम?" एवढंच ती म्हणाली. मग तिनं पिशवीतून शेंगाची पोळी काढून माझ्या हातावर ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती पोळी मला टेंभुर्णी येईपर्यंत पुरली.

आकुर्डी

निलोफर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात प्रज्ञा नावाच्या मैत्रिणीबरोबर राहते. प्रज्ञाचं घर मूळचं लातूरकडचं, वडील इथल्याच कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. ती स्वतः तळवड्याला एका आयटी कंपनीत आहे, आणि त्या आठवड्यात तिची दुपारनंतरची शिफ्ट होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली निलोफरची जानमाज, म्हणजे नमाजेची चटई, घडी करून ठेवलेली, आणि दोघींचं मिळून एकच मोठं कपाट. अम्मानं घरभर फिरून सगळं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो मिक्सर कुणाचा हा.

जेवताना मी निलोफरला विचारलं, कंपनीत नमाजेचं कसं करतेस? मला वाटलं होतं ती म्हणेल, राहूनच जाते. ती म्हणाली की लाइनच्या मागं प्रथमोपचाराची खोली आहे, तिथं पढते. परवानगी कशी मिळाली? तिनं आमटीत भाकरी कुस्करत सांगितलं, "मामू, साहेबांना विचारलं. ते म्हणाले, चहाच्या सुट्टीत उरकत असशील तर माझं काय जातंय."

तिनं विचारलं होतं. गावात, माझ्या ओळखीच्या सात-आठ माणसांत, ज्यांच्याबरोबर मी आठवड्यातून एकदा चटईवर बसून चहा पितो त्यांच्यात, मला आईसाठी तेवढंच विचारायचं होतं.

प्रज्ञा हे ऐकत होती. ती म्हणाली की आमच्या विहारात वंदना आज्ज्याच सुरू करतात, पुरुष मागं बसून डुलक्या घेतात.

"मग त्येन्ला जागा कशाला देता?" अम्मानं विचारलं. पोरी इतक्या हसल्या की निलोफरला ठसका लागला.

चाकणच्या वाटेवर

शुक्रवारी निलोफर सकाळीच कंपनीच्या बसनं गेली होती. आम्हाला तिथं पोचवायचं काम प्रज्ञाकडं. तिची छोटी गाडी निगडीपर्यंत सुरेख चालली. तळवड्याच्या पुढं मात्र नव्या मोटारी लादलेला एक लांबलचक ट्रेलर वळणावर आडवा झाला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी दुचाकीवाले मुंग्यांसारखे वाट काढत होते. आम्ही थांबलो ते थांबलोच. शेजारच्या टेम्पोतला माणूस खाली उतरून उसाचा रस पिऊन आला.

अम्मा घरूनच वजू करून, म्हणजे हात-पाय-तोंड धुऊन, डोक्यावर पदर ओढून पुढच्या सीटवर बसली होती. तिचा उजवा हात गुडघा चोळत होता. मी मागं बसून घड्याळ बघत होतो आणि मनातल्या मनात स्वतःला बोल लावत होतो. आदल्या दिवशीच चाकणला मुक्काम करायला हवा होता. खोटं बोलून निघालं की असंच व्हायचं. आमच्याकडं जुम्म्याची जमात एकदाच उभी राहते. ती चुकली की चुकली, घरी जाऊन साधी नमाज पढायची. म्हणजे अम्मा एवढ्या लांब येऊन पुन्हा एका कोपऱ्यातच नमाज पढणार होती.

प्रज्ञानं निलोफरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी म्हणालो, "निलू, जमात चुकली गं. आता नाही पोचत."

"पहिली चुकली मामू. दुसरी आहे की."

शिफ्टच्या लोकांना एकाच वेळी सुटता येत नाही, म्हणून तिथं जुम्मा दोनदा होतो, दोन वेगवेगळ्या इमामांमागं, हे तेव्हा मला कळलं. आमच्या गावात असं कुणी सुचवलं असतं तर वर्षभर वाद चालला असता. त्या ट्रेलरमागं मला मात्र ते इतकं शहाणपणाचं वाटलं की मी मोठ्यानं "अल्हम्दुलिल्लाह" म्हणालो. प्रज्ञा आरशातून बघून हसली.

गाळा

मशीद म्हटल्यावर घुमट किंवा मिनार डोळ्यापुढं येतो. हा होता औद्योगिक गाळा. शटर, पत्र्याचं छत, बाहेर भिंतीवर अजून जुन्या वर्कशॉपच्या रंगाचा डाग. शेजारचा गाळाही भाड्यानं घेतलेला, तो बायकांचा. त्याला स्वतंत्र शटर. मधल्या भिंतीला एक छोटी खिडकी होती. पूर्वी तिच्यातून तयार माल इकडून तिकडं देत असावेत. आता तिला जाड पडदा लावला होता.

पुरुषांच्या दारात बुटांची रांग बघून मला हसू आलं. सगळे कंपनीचे सेफ्टी शूज, सगळे काळे, सगळे सारखे. प्रत्येकानं टाचेवर रंगाचा आपापला ठिपका दिलेला. त्यात माझी कोल्हापुरी चप्पल वाट चुकलेल्या पाहुण्यासारखी दिसत होती.

प्रज्ञा आम्हाला उतरवून शिफ्टला निघून गेली. निलोफर कंपनीचा कोट घालूनच आली आणि अम्माचा हात धरून शेजारी घेऊन गेली. तिथं काय होतं ते मी पाहिलं नाही, नंतर अम्मानं सांगितलं. एक केरळची नर्स होती. तिच्या गावात बायका लहानपणापासून मशिदीत जातात, त्यामुळं आम्ही कसला एवढा सोहळा करतोय तेच तिला कळेना. पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधल्या कामगारांच्या बिहारी बायका होत्या. त्यांच्यात पहिल्यांदा आलेल्या दोघीतिघी अम्मासारख्याच दबकत बसल्या होत्या. आणि मारुंजीहून आलेली एक बाई होती, नवऱ्याच्या आयटी नोकरीमुळं काही वर्षं जर्मनीत राहून आलेली.

दुसऱ्या जमातीचा इमाम कोवळा, बीडकडचा. त्याची कथा शेजारच्या माणसानं मला वजूच्या नळावर सांगितली. इथल्या मानधनावर त्याचं भागत नाही, म्हणून तो मोबाइलवरून कॅनडातल्या मुलांना कुराण शिकवतो. त्या मुलांना उर्दू येत नाही, याला इंग्रजी बेताचं येतं, तरी चाललंय. मी वर्गात जगाचा नकाशा लावतो तेव्हा रंग वेगळे असतात, देश सुटे सुटे असतात. इथं एका गाळ्यात केरळ, बिहार, बीड, जर्मनी आणि कॅनडा एकमेकांत मिसळले होते, आणि सगळ्यांना एकच घाई होती, कंपनीचा हूटर वाजायच्या आत परत जायची.

प्रवचनही त्या घाईला शोभेल असं आटोपशीर. हिंदीत, अधूनमधून मराठी. तो म्हणाला की गावाकडं आईबापाला फोन कराल तेव्हा घाईत नसल्यासारखं बोला. सगळ्या माना खाली गेल्या. माझी आई तर भिंतीपलीकडं होती, तरी माझीही गेली.

मी उशिरा पोचल्यामुळं शेवटच्या ओळीत, त्या खिडकीशेजारी उभा होतो. नमाज सुरू झाली. इमामानं "अल्लाहु अकबर" म्हटलं आणि पडद्यापलीकडून क्षणभरानं कपड्यांची सळसळ आणि बांगड्यांचा बारीक आवाज आला. त्यांच्याकडं स्पीकर लावलेला होता. त्यातून ऐकून त्या इमामामागं चालत होत्या. त्या बांगड्यांत अम्माच्या दोन काचेच्या असणार.

इमाम कुराणातल्या आयती पढत असताना पलीकडचा पंख्याचा घरघराट बंद झाला. आमच्याकडचे पंखे तसेच चालू. मला आधी काही कळलं नाही. वीज गेली होती, आणि इन्व्हर्टर फक्त पुरुषांच्या गाळ्याला जोडलेला होता. पुढं उभ्या असलेल्या कुणाला वीज गेल्याचं कळायचं कारणच नव्हतं.

इमामानं पुन्हा "अल्लाहु अकबर" म्हटलं. आमची ओळ कमरेत वाकली. पलीकडून सळसळ आली नाही.

त्या उभ्या होत्या. आवाजाची वाट बघत उभ्या होत्या. कुणाचे पाय किती वेळ टिकणार होते ते मला ठाऊक होतं.

नमाजेत बोलता येत नाही. इकडंतिकडं बघता येत नाही. पण लहानपणी आजोबांनी सांगितलेलं आठवलं की ईदला मैदानात गर्दी व्हायची, स्पीकर नव्हते, तेव्हा मधल्या ओळींतला एखादा माणूस इमामाचा पुकारा मागच्यांसाठी मोठ्यानं परत द्यायचा. तो माणूस कोण, हे आधी ठरवलेलं असायचं. मला कुणी ठरवलेलं नव्हतं. मी परगावचा, ओळीत सगळ्यात शेवटी. चुकलो तर माझी नमाज जाईल, आणि भर जमातीत शोभा होईल. हे सगळं मी वाकायच्या अर्ध्या वाटेवर विचार करत होतो.

मग मी खिडकीच्या बाजूनं तोंड न वळवता, छाती भरून "अल्लाहु अकबर" म्हणालो.

शेवटच्या बाकावरच्या पोराची हजेरी घेताना निघतो तसा आवाज निघाला. माझ्या पुढच्या ओळीतला एकजण दचकला. आणि पलीकडून सळसळ आली, बांगड्या वाजल्या.

त्यानंतर इमामाचा प्रत्येक पुकारा मी परत दिला. कपाळ टेकायला सजद्यात जाताना, उठताना, नमाजेच्या दुसऱ्या फेरीला, म्हणजे रकातीला, उभं राहताना. दरवेळी पलीकडचं ऐकू येईपर्यंत माझा श्वास अडकायचा, आणि ऐकू आलं की सुटायचा. शेवटी दोन्हीकडं मान वळवून सलाम फेरला तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

लोक वळून बघायला लागले. इमाम ओळी ओलांडत माझ्याकडं आला. मी त्याच्या आधीच बोलायला सुरुवात केली, की पलीकडं लाइट गेली, माझी आई आहे तिकडं, मला नियम नीट माहीत नाही, चुकलं असेल तर माफ करा.

"चुकलं काय त्यात, चाचा?" तो म्हणाला. "हे आधी माणसंच करायची. स्पीकर आला आणि आम्ही विसरलो. पण पलीकडं इन्व्हर्टर नाही हे मला कुणी बोललंच नाही."

"माहीत असतं तर बोललो असतो, पण पलीकडं कुठं जातोय आपण," टाचेला पिवळा ठिपका असलेला बूट चढवत एकजण म्हणाला. तो एका कंपनीत मेंटेनन्सला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "आवाज लय भारी हाय राव तुमचा. आमच्या हूटरला सुट्टी द्यावी लागंल." मग त्यानं कुठूनतरी वायरचं वेटोळं आणलं आणि शिडी लावून, शिफ्टला उशीर होत असताना, खिडकीतून पलीकडं वायर ओढायला सुरुवात केली.

बाहेर शटरपाशी अम्मा एका स्टुलावर बसली होती. चेहरा घामानं भिजलेला, पदर विस्कटलेला. मी जवळ गेलो तशी तिनं पदर सारखा केला.

"उभ्यानं पढले," ती म्हणाली. "सगळी उभ्यानं पढले. मधी काईच ऐकू यीना. म्हनलं, झालं, आता गुडघं बोलत्यात का काय. मग तुजा आवाज आला."

मारुंजीची बाई जवळच उभी होती. ती हसून म्हणाली, "सर, जर्मनीतही आमची जागा तळघरात होती. तिकडंसुद्धा स्पीकर आमचाच बंद पडायचा."

केरळच्या नर्सनं डब्यातून नारळाच्या दुधातली खीर आणली होती. अम्मानं उरलेल्या शेंगाच्या पोळ्या काढल्या. भाषेचा मेळ नव्हता, पण एकमेकींच्या खाण्यात काय काय घातलंय हे दोघींनी बरोबर ओळखलं. निलोफर घाईनं एक पोळी तोंडात कोंबून कंपनीकडं पळाली.

परत

परतीच्या बसमध्ये अम्मा झोपली. मी गावात पोचल्यावर काय सांगायचं ते जुळवत बसलो. डोळ्यांचं औषध दिलंय म्हणावं, की तपासणी पुढं ढकलली म्हणावं? दोन्ही जमवून ठेवलं आणि दोन्हीची लाज वाटली. स्टँडवर उतरल्यावर मी पिशव्या काढण्यात गुंतलो होतो, आणि तेवढ्यात ती गल्लीतली बाई अम्माजवळ येऊन काहीतरी विचारून गेली. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाजीसाहेब घरी आले. त्यांनी अम्माला विचारलं, "भाभी, डोळे काय म्हणतात?"

"डोळं चांगलंच हायत," अम्मा म्हणाली. "जुम्मा पढून आले."

मी म्हणालो, "हाजीसाहेब, मी तुमच्याशी खोटं बोललो."

"ते कळलं मला काल. तुझ्या अम्मानं स्टँडवरच सांगितलंय, निम्म्या गावाला ठाऊक आहे." त्यांनी बशीत चहा ओतला. फुंकर घालत बसले. मी काहीतरी कडक ऐकायच्या तयारीत होतो. ते अम्माकडं वळले आणि विचारायला लागले. बायकांचं दार वेगळं होतं का? वजूला पाणी कुठं? ज्यांना खाली बसवत नाही त्यांना खुर्ची होती का? त्यांचे प्रश्न इतके बारीक होते की ते त्यांचे नव्हतेच हे मला तिसऱ्या प्रश्नाला लक्षात आलं. मग ते स्वतःच म्हणाले, "आमची ही रात्रीपासून जीव खातीय. विचारून या म्हणाली."

आमच्या मशिदीला लागून एक जुनी खोली आहे. तिच्यात मंडपाचं सामान, फाटक्या चटया आणि एक मोडका पंखा आहे. गेली कित्येक वर्षं मी त्या खोलीवरून जात आलो आहे. हाजीसाहेब म्हणाले, ती आधी रिकामी तर करून बघू, मग बैठकीत काय ते बोलू. कबूल केलं असं नाही. पण नाहीही म्हणाले नाहीत. चहाचा दुसरा कपही त्यांनी घेतला, आणि उठताना त्यांना काहीतरी आठवलं.

"आपल्याकडं तर लाइट रोजच जाते. मधी एवढी जाड भिंत. बायकांपर्यंत आवाज कोण पोचवणार?"

अम्मानं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "ह्यो हाय की. ह्येचा पोचतो."

हाजीसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "देशील?"

"देईन," मी म्हणालो, आणि ते जरा मोठ्यानंच निघालं.